ऑफिसला परत बोलावतात तेव्हा नेमकं काय परत मागतात?

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीला मागच्या महिन्यात कंपनीचा मेल आला. कंपनी पुण्याची. नोकरी लागून सव्वा वर्ष झालंय, आणि हे सव्वा वर्ष तिने देवघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत लॅपटॉपसमोर काढलंय. पुढल्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात हजर राहणं बंधनकारक, असं मेलमध्ये लिहिलं होतं. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. "काम तेच, लॅपटॉप तोच, पगारही तोच. मग पोट्टीनं इतक्या दूर जाऊन जास्तीचं काय करायचं? तू या लाईनमधला आहेस, मला नीट समजावून सांग."

हा प्रश्न आज नागपुरातल्या कितीतरी घरांत विचारला जातोय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे, हैदराबाद, बंगळूरहून मुलं बॅगा घेऊन घरी आली. टीसीएसने त्याच वर्षी जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तोच नियम लावला. तीन-चार वर्षांत असं काय कळलं की सगळं फिरलं? मी स्वतः तीन वर्षं त्रिमूर्ती नगरच्या घरातून काम केलं आणि आता आयटी पार्कातल्या ऑफिसात रोज जातो. भाऊजींना फोनवर जे अर्धवट सांगितलं, ते इथे पूर्ण लिहितोय.

आधी दोन शब्द

रिमोट काम म्हणजे ऑफिसात न जाता कुठूनही केलेलं काम. घरून काम हा त्याचाच सगळ्यात नेहमीचा प्रकार. काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून असं ठरलं असेल तर त्याला हायब्रिड म्हणतात. बस, एवढे दोन शब्द पुरेत.

ही कल्पना कोरोनाची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला जॅक नाइल्स नावाच्या माणसाने १९७३ मध्ये यासाठी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला. माणसाला रोज कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे न्यावं आणि रस्त्यावरची गर्दी कमी करावी, असा त्याचा विचार होता. तेव्हा घरात कॉम्प्युटरही नव्हते. म्हणजे आपण ज्यावर भांडतोय तो विचार पन्नास वर्षांहून जुना आहे.

काम दिसायला एक, आत मात्र तीन

नोकरीत तीन तऱ्हेची कामं एकात एक मिसळलेली असतात. पहिलं एकट्याने, डोकं खाली घालून करायचं: कोड लिहिणं, हिशेब तपासणं, अहवाल तयार करणं. दुसरं चार जणांनी मिळून करायचं: अडलेलं सोडवणं, वाद मिटवणं, कुणी काय करायचं ते ठरवणं. तिसरं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. शेजारच्या टेबलावरची सीनियर मंडळी चिडलेल्या ग्राहकाशी कशी बोलतात ते कानावर पडणं, कुठल्या साहेबाला मेल पाठवायचा आणि कुणाला सरळ जाऊन भेटायचं हे उमगणं, आपली चूक मोठी व्हायच्या आत कुणीतरी मागून पाहून "अरे, हे असं नको" म्हणणं.

लंबी रोटी करणाऱ्या बाईला कधी पाहिलंय? सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झेलत झेलत पातळ करायची आणि पालथ्या तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. आता ही रोटी फोनवर विचारून शिका. कणीक किती सैल, हे ती सांगेल. पण हात केव्हा थांबवायचा ते तिलाही शब्दांत सांगता येत नाही. ते चुलीशी उभं राहून दिसतं. आणि एकदा हात बसला की मग चूल कुणाच्याही अंगणात असो, रोटी होते.

घरून काम करताना पहिल्या प्रकाराची चांदी होते. दुसरं काम होतं, पण वेळ जास्त लागतो. तिसरं जवळजवळ थांबतं, आणि ते थांबलंय हे कळायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. सगळा वाद इथेच अडकलाय असं मला वाटतं. घरून काम करण्याचा फायदा आपला स्वतःचा असतो आणि पहिल्याच दिवशी हातात पडतो. ऑफिसात बसण्याचा फायदा उशिरा दिसतो, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याच्या पदरात पडतो. म्हणून कर्मचाऱ्याला साहेब हट्टी वाटतात आणि साहेबांना कर्मचारी आळशी वाटतात. दोघंही आपापल्या हिशेबाने खरंच बोलत असतात.

दोन प्रयोग, दोन उलटी उत्तरं

या विषयावर मतं उदंड आहेत, पण नीट केलेले प्रयोग मोजके. त्यातला सगळ्यात गाजलेला चीनमधला. सीट्रिप या पर्यटन कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने तो चालला, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. घरून काम करायची इच्छा असलेल्या, अटींत बसणाऱ्या २४९ जणांतून कुणाला घरी पाठवायचं हे जन्मतारखेवर ठरलं. सम तारीख असेल तर घर, विषम असेल तर ऑफिस. वशिला नाही, साहेबाची मर्जी नाही. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातले सुमारे ९ टक्के केवळ जास्त वेळ बसल्यामुळे, कारण चहाच्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले ४ टक्के शांततेत जास्त कॉल घेता आल्यामुळे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

दुसरा प्रयोग आपल्याच देशातला, चेन्नईतला. डेटा एन्ट्रीसाठी घेतलेल्या लोकांपैकी कुणी घरून काम करायचं आणि कुणी ऑफिसातून, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. इथे घरून काम करणारे ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी मागे पडले. त्यातला दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला हळूहळू वाढत गेला, कारण ऑफिसातले लोक काम लवकर शिकले.

एकीकडे १३ पुढे, दुसरीकडे १८ मागे. मग खरं काय? दोन्ही खरं. शांघायमधल्या लोकांना कंपनीत किमान सहा महिने झालेले होते, म्हणजे त्यांचा हात बसलेला होता. त्यांच्या घरी कामासाठी वेगळी खोली असणं ही अट होती. आठवड्यातला एक दिवस ते ऑफिसला जातही होते. चेन्नईतली मंडळी कामावर नवी होती. मला या आकड्यांतून एवढंच कळतं की "घरून काम चांगलं की वाईट" हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाचं घर, नोकरीतलं कितवं वर्ष आणि कुठलं काम, हे विचारल्याशिवाय उत्तर निघत नाही.

शांघायच्या गोष्टीचा शेवट मात्र फार कमी जण सांगतात. नऊ महिने झाल्यावर कंपनीने घरी बसलेल्यांना पुन्हा विचारलं. काम वाढलं होतं, प्रवास वाचला होता, आणि तरीही जवळपास निम्मे लोक ऑफिसला परत गेले. मोठं कारण एकटेपणा. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली होती. डोळ्यासमोर नसलेला माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही, हे तिथेही तसंच.

घर म्हणजे कुणाचं घर?

चेन्नईच्या प्रयोगातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्यांना घरूनच काम हवं होतं, त्यांचंच घरी सगळ्यात जास्त नुकसान झालं. त्यांचं काम घरी २७ टक्क्यांनी घसरलं, तर ज्यांना ऑफिस आवडत होतं त्यांचं १३ टक्क्यांनी. हे उलटं का? लहान मुलं असलेल्या, घरात कुणाची देखभाल करावी लागणाऱ्या आणि गरीब घरातल्या माणसांकडून याचं थोडं उत्तर मिळालं. घर सोडून बाहेर पडणं त्यांनाच सगळ्यात अवघड, म्हणून घरून काम त्यांनाच हवं, आणि घरात धड काम करू न देणारी कारणंही तीच.

आपल्या घरात डोकावून पाहा. मे महिना, पारा ४५ च्या वर. खिडकीला लावलेला कूलर इतका घोंघावतो की कॉलवर समोरच्याला "पाऊस पडतोय का?" असं विचारावंसं वाटतं. बंद केला तर दहा मिनिटांत शर्ट भिजतो. दुपारी लाईन गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि राऊटर चालतो, कूलर चालत नाही. एसीची वेगळी खोली असलेल्याला घर हेच उत्तम ऑफिस. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथला मुलगा मात्र स्वतःहून ऑफिसात जाऊन बसतो, आणि त्यात काही चुकीचं नाही.

बायकांचा प्रश्न आणखी खोल आहे. पुरुष घरून काम करत असला की "त्याची मीटिंग चालू आहे, आवाज करू नका" असं होतं. बाई घरून काम करत असली की "घरीच आहेस ना, मग जरा सिलेंडर घेऊन घे" असं होतं. माझ्या बायकोने हे दोन वर्षं सोसलं आणि तिच्या आठ तासांचे अकरा होताना मी पाहिलेत. तरीही मूल लहान असताना हीच सोय नसती तर तिने नोकरी सोडली असती. कायद्यानेही ही गरज ओळखली आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेनुसार पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि रजा संपल्यावर, काम तसं असेल तर, मालक आणि कर्मचारी यांनी ठरवून घरून काम करण्याची तरतूद आली. घरून काम म्हणजे नुसती चैन, असं म्हणणाऱ्यांनी ही तरतूद जरूर लक्षात घ्यावी.

"घरी बसून लोक कामच करत नाहीत", हे खरं आहे का?

नाही. किमान जिथे मोजमाप झालं तिथे उलटंच दिसलं. भारतातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची महामारीच्या काळातली नोंद संशोधकांनी तपासली. लोक घरून जास्त तास काम करत होते. तरी पदरात पडणारं काम वाढलं नाही, उलट किंचित कमी झालं. म्हणजे तासाला होणारं काम घटलं.

ते वाढलेले तास गेले कुठे? बराच वेळ मीटिंगांमध्ये आणि एकमेकांशी जुळवून घेण्यात गेला. सलग, कुणी न अडवता मिळणारा वेळ आटला. ऑफिसात मान वळवून विचारलं तर अर्ध्या मिनिटात सुटणारी गोष्ट घरून करायची तर आधी मेसेज, मग "फ्री आहेस का?", मग अर्ध्या तासाचा कॉल. यात आळस कुठेच नाही. काम एकमेकांच्या हाती सोपवण्याचा खर्च वाढलाय, आणि तो खर्च कर्मचाऱ्याने आपल्या संध्याकाळी देऊन भरलाय. म्हणून माऊस हलतोय का ते पाहणारी सॉफ्टवेअरं लावणाऱ्या कंपन्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणं एक आणि औषध दुसरंच.

शेजारच्या खुर्चीची किंमत कोण देतं?

अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की जे आपल्या टीमसोबत एकाच इमारतीत बसत होते, त्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त सूचना मिळत. सगळ्यात जास्त फायदा नव्यांचा आणि तरुणांचा. पण या सूचना देण्यात सीनियर मंडळींचा वेळ जात होता आणि त्यांचं स्वतःचं काम कमी होत होतं.

हे वाचल्यावर मला माझीच तीन वर्षं आठवली. घरून काम करताना माझं काम भराभर व्हायचं आणि मला त्याचा अभिमान होता. त्याच काळात आमच्या टीममध्ये दोन नवी मुलं आली. त्यातल्या एकाला मी प्रत्यक्ष कधीच भेटलो नाही. वर्षभरात तो सोडून गेला, आणि जाताना त्याने लिहिलं की कुणाला काय विचारावं हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा वाचलेला वेळ त्याच्या वाट्यातला होता. मी आज रोज ऑफिसला जातो त्यामागे हे मोठं कारण आहे.

मिहानची वेगळी गोष्ट

मिहान म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळचा मोठा औद्योगिक प्रकल्प. आपल्या या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसची कार्यालयं आहेत. तिथल्या पुष्कळ लोकांना वाटतं की घरून काम द्यायचं की नाही हे फक्त साहेबाच्या हातात असतं. मिहानचा मोठा भाग मात्र सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. निर्यात वाढावी म्हणून आखलेला, सीमाशुल्काच्या हिशेबात देशाबाहेरचा मानला जाणारा हा भाग. तिथल्या कंपनीला कॉम्प्युटरसारख्या सामानावर कर-शुल्काची सूट मिळते, पण ते सामान आतच वापरायचं असतं. मंगल कार्यालयाची भांडी लग्नापुरती वापरता येतात, घरी न्यायची तर व्यवस्थापकाच्या वहीत नोंद लागते. लॅपटॉपचंही तसंच.

म्हणून जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारला सेझच्या नियमांत '४३ अ' हा नवा नियम घालावा लागला. सुरुवातीला निम्म्या कर्मचाऱ्यांना, जास्तीत जास्त एक वर्ष घरून काम करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मर्यादा सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवली. थोडक्यात, खापरीच्या मेट्रो स्टेशनवर रोज उतरणाऱ्या माणसाने ऑफिसात यायचं की नाही, यात कंपनीच्या धोरणासोबत दिल्लीच्या नियमाचाही हात असतो.

मग हायब्रिड हाच तोडगा ना?

एकाच शहरात राहणाऱ्यांसाठी, माझ्या मते, होय. सीट्रिपमध्येच ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नंतर आणखी एक प्रयोग केला आणि २०२४ मध्ये तो 'नेचर' या नियतकालिकात आला. १,६१२ कर्मचारी, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कामगिरीत फरक नाही, पुढच्या दोन वर्षांच्या बढतीत फरक नाही, आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने घटले. प्रयोगाआधी मॅनेजर म्हणत होते की काम घसरेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत बदललं.

नागपूरपुरता साधा हिशेब करू. एका बाजूचा प्रवास पाऊण तास धरला तर रोजचा दीड तास, आणि महिन्याच्या बावीस दिवसांचे तेहतीस तास. दोन दिवस घरून काम केलं तर त्यातले बारा-तेरा तास आपले झाले. लोक यासाठी नोकरी धरून ठेवतात यात नवल नाही.

पण भाचीचं काय? अजनीहून ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वंदे भारतला ८८१ किलोमीटर जायला सुमारे बारा तास लागतात. पुण्यातल्या मुलीसाठी "आठवड्यातले तीन दिवस" म्हणजे तीन दिवसांचा प्रवास. नागपूरच्या मुलीसाठी तो पूर्ण स्थलांतराचा हुकूम आहे. समजा खोलीचं भाडं दहा हजार, मेसचे चार-पाच हजार आणि येण्याजाण्याचे दोन हजार धरले, तर पगार तोच राहूनही दर महिन्याला सोळा-सतरा हजारांची कपात झाली. मेल लिहिणाऱ्याच्या मनात हा हिशेब आलेला नसतो. आणि हा पैसा नुसता तिच्या खिशातून जात नाही. तो मानेवाड्याच्या किराणा दुकानातून आणि आयटी पार्कासमोरच्या तर्री पोह्याच्या गाडीवरूनही जातो.

"ऑफिसात जाऊनही कॉलवरच बसायचं असेल तर?"

हा आक्षेप भाचीचाच, आणि तो अगदी बरोबर आहे. ऑफिसचा फायदा इमारतीत नाही, माणसांत आहे. टीम पाच शहरांत विखुरलेली असेल तर हेडफोन घालून चकचकीत ऑफिसात बसणं आणि घरी बसणं यात फरक फक्त भाड्याचा. म्हणून बोलावणाऱ्या कंपनीने निदान एवढं करावं: सगळी टीम एकाच दिवशी यावी, आणि त्या दिवशी एकत्र करायचं कामच काढावं.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या जवळ बसावं, मग ते ऑफिस पुण्यात असो की इथे नागपुरातल्या परसोडीत. हात बसल्यावर, घरी वेगळी खोली असेल तर, नागपुरातूनच काम करण्यात कंपनीचं काही बिघडत नाही. आणि ज्या कंपनीचे पंचवीस-तीस कर्मचारी याच शहरातले आहेत, तिने त्यांना पुण्याला ओढण्याऐवजी इथेच एक मजला का घेऊ नये, हे नागपूरकरांनी संघटितपणे विचारायला हवं.

भाचीला मी मॅनेजरला चार गोष्टी विचारायला सांगितल्या. माझ्या टीमपैकी पुण्यात प्रत्यक्ष किती जण बसतात? माझं काम तपासणारी व्यक्ती कुठे बसते? तीन दिवस सगळ्यांचे सारखेच का? आणि वर्षभरानंतर नागपूरहून काम करण्याची परवानगी लेखी मिळेल का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिवशीच आली. सात जणांपैकी पाच पुण्यात, तपासणारी ताईही तिथेच, आणि दिवस सगळ्यांचे मंगळवार ते गुरुवार. भाऊजी आता कोथरूडमध्ये मुलींच्या हॉस्टेलची चौकशी करतायत. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तिने काल पुन्हा मेल टाकलाय.